कोटी हवी, पण पुराव्यासकट

रहस्यकथेत गाण्यांवरच्या कोट्यांनी गुन्हे उकलणारा गुप्तहेर केवळ हास्यास्पद वाटेल, असा एक आक्षेप आहे; तो मला अर्धाच पटतो. कोटी आणि पुरावा एकाच शब्दात बसले, तर गंमतही टिकते आणि तर्कही. आमच्या ग्वाल्हेरात, जिथे संगीतशास्त्रज्ञ भातखंडे यांच्या पुढाकाराने १९१८ साली माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले, तिथे एखादा संशयित ‘मध्यरात्री मैफलीत तोडी ऐकत होतो’ असे सांगू लागला, तर गुप्तहेराने शांतपणे ‘तोडी की कुलूपतोडी?’ असे विचारावे, कारण तोडी हा सकाळचा राग आहे. (रियाझाला वेळेचे बंधन नसते, ही पळवाट संशयिताचे वकील काढतीलच.) सिनेगीतांच्या मुखड्यांवरील कोट्या मात्र जपून वापराव्यात, गाणे ठाऊक नसलेल्या वाचकाला तिथे दुवाच सापडत नाही.