एपी किती घ्यावेत, त्याआधी गणिताचा क्रम

अमेरिकेतल्या शाळेत अकरावीत एकदम पाच एपी (शाळेतच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे विषय, शेवटी परीक्षा असलेले) घ्यावेत का, असा प्रश्न आलाय. इंजिनिअरिंगला जायचं असेल तर आधी गणिताचा क्रम तपासा: अल्जेब्रा १, जॉमेट्री, अल्जेब्रा २, प्रीकॅल्क्युलस, मग कॅल्क्युलस. अल्जेब्रा १ नववीत घेतलं तर बारावीत गाडी प्रीकॅल्क्युलसपर्यंतच पोचते. बारावीत कॅल्क्युलस हवं असेल, तर मग दहावीत जॉमेट्री आणि अल्जेब्रा २ सोबत घ्यावं लागतं. शाळेचा काउन्सेलर (विषय निवडायला मदत करणारा सल्लागार) हे सहसा आपणहून सुचवत नाही, विचारा. एपीमधलं फिजिक्स सी कॅल्क्युलसवर उभं आहे. कॅल्क्युलस निदान सोबत तरी चालू हवं, नाहीतर मुलं नुसती सूत्रं पाठ करतात. तोवर कॅल्क्युलस न लागणारं एपी फिजिक्स १ बरं. पाचऐवजी तीन एपी घ्या, पण नीट. एपी परीक्षेत ५ पैकी गुण मिळतात; कॉलेजात तो विषय झाला असं धरायला (क्रेडिटला) कुठे ३ गुण चालतात, कुठे ५च लागतात.