मदत हवी आहे: डेप्थमधला मोठा सेलर खरा की दिखाऊ?

नागपूरकर ट्रेडर मंडळी, समजा शेअर ४१२ ला चालू आहे. पाच ओळींच्या डेप्थमध्ये (कोणत्या भावाला किती शेअरच्या ऑर्डर थांबल्यात, ती यादी) ४१२.२५ वर ८० हजार शेअरची विक्री, बाकी ओळींत जेमतेम हजार-दीड हजार. कळमना बाजारात संत्र्याचे ट्रक दिसताच बोली उतरते, तसंच होतं: घेणारे थांबतात, माल असलेले ४१२.२० ला विकून मोकळे होतात. मोठी ऑर्डर न भरताच भाव घसरतो.

भाव जवळ येताच ती गायब झाली तर दिखाऊ, हे ठीक. पण खरा विक्रेता डिस्क्लोज्ड क्वांटिटीत (ऑर्डरचा थोडाच भाग डेप्थमध्ये दाखवायची सोय) १० टक्केच दाखवून बसला तर? तिथे सौदे होत राहतात, आकडा पुन्हा भरतो. हे पकडायला पाच ओळी पुरतात की वीस लागतात? आणि तोटा थांबवणाऱ्या स्टॉपलॉस ऑर्डरमध्ये ट्रिगर (ज्या भावाला ऑर्डर जागी होते) आणि लिमिट (ज्याच्या पलीकडे सौदा होत नाही) यांत अंतर किती ठेवता? पाच पैसेच ठेवले तर भाव झटकन पुढे जातो आणि ऑर्डर न भरता लटकते.