कॉलेजच्या लायब्ररीवर सोलर बसवायचंय, आधी काय बघायचं?

ग्रंथसखी:
आमच्या कॉलेजच्या लायब्ररीच्या गच्चीवर सोलर बसवायचं चाललंय, कमिटीत मी पण आहे. वेंडर येतात ते थेट किती किलोवॉट बसतील तेवढंच बोलतात, पण गच्चीच्या बरोब्बर खाली जुन्या पुस्तकांची कपाटं आहेत आणि माझा सगळा जीव तिकडे. कोणी असं काम केलं असेल तर सांगा ना प्लीज.

गच्चीकर:
सगळ्यात आधी वॉटरप्रूफिंग. पॅनल २५ वर्षं चालतात, वॉटरप्रूफिंग तेवढं टिकत नाही, त्यामुळे गच्ची आत्ताच नीट करून घेतली नाही तर मधेच सगळं उतरवून परत चढवायचा खर्च. आणि पुस्तकांच्या वरच्या स्लॅबला भोकं पाडू देऊ नका! काँक्रीटचे ब्लॉक ठेवून त्यावर स्ट्रक्चर उभं करता येतं, फक्त त्याने वजन वाढतं म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून स्लॅब तपासून घ्या, वारा पॅनलला खालून उचलतो तो हिशेबही त्यांच्याकडूनच लेखी घ्या. पाणी जायची तोंडं पॅनलखाली झाकली जायला नकोत, पाला अडकला की तिथे हात पोचत नाही.

दुपारचंऊन:
+१. लायब्ररीचं बरं असतं, दिवे पंखे एसी कॉम्प्युटर सगळं दिवसाच चालतं, पण मोठ्या सुट्टीत ती वीज जाणार कुठे? नेट मीटरिंग (जास्तीची वीज लाइनला देऊन बिलातून वजा करून घ्यायची सोय) नसेल तर गच्ची भरेल तेवढं बसवू नका, वर्षभराची बिलं काढून दिवसाचा वापर बघा आणि तेवढंच घ्या. टाकीची, झाडांची सावलीही बघा, थंडीत सूर्य खाली असतो तेव्हाची खास करून, एका पॅनलवर सावली पडली तरी त्या अख्ख्या स्ट्रिंगला, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनलच्या माळेला, फटका बसू शकतो.

ग्रंथसखी:
लाइट गेली तर अभ्यासिका चालू राहील ना? परीक्षेच्या दिवसात मुलं रात्रीपर्यंत बसतात.

दुपारचंऊन:
नाही राहणार. साधा ऑनग्रिड इन्व्हर्टर (पॅनलची वीज थेट लाइनला जोडणारा, बॅटरी नसलेला) लाइट गेली की स्वतःहून बंद होतो, नाहीतर लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसेल. हायब्रिड इन्व्हर्टर (लाइट गेली तरी बॅटरीवर चालणारा) आणि बॅटरी घ्या, त्यावर फक्त अभ्यासिकेचे दिवे-पंखे ठेवा, एसी नको.

गच्चीकर:
बॅटरी, इन्व्हर्टर पुस्तकांच्या खोलीत अजिबात नको. पॅनलकडून येणारी डीसी केबलही तिथून नेऊ नका, बाहेरच्या भिंतीवरून घ्या, कारण मेन स्विच पाडला तरी ऊन आहे तोवर त्या केबलमध्ये व्होल्टेज असतंच. डीसी आयसोलेटर (पॅनलकडून येणारी वीज तोडायचा स्विच) गच्चीवरच लावायला सांगा.

ग्रंथसखी:
हे कोणीच सांगितलं नव्हतं, थँक्यू. आता वेंडरकडे पॅनल, पाण्याचे पाइप आणि केबलचा रस्ता एकत्र दाखवणारा नकाशा मागते, तो आल्याशिवाय मी तरी हो म्हणणार नाही.