दोन सेकंदांचा टायमर असताना वायरचा रिमोट कशाला?

पंचगंगाकाठ : काल इथे एका सभासदाने लिहिले, की बटण दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून २ सेकंदांचा सेल्फ टायमर असताना वायरचा रिमोट घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. हे वाचून गप्प बसवेना. त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावर वारा क्षणभर पडतो आणि पणत्यांच्या ज्योती सरळ उभ्या राहतात. तो क्षण २ सेकंद आधी कोणाला कळतो? या रिमोटमध्ये बॅटरीसुद्धा नसते. आत तीन तारा असतात : एक सामाईक, एक फोकसची, एक शटरची. बटण अर्धे दाबले की फोकसची तार सामाईक तारेला टेकते आणि कॅमेरा जागा होऊन प्रकाश मोजतो. पूर्ण दाबले की शटरचीही टेकते आणि फोटो निघतो. बल्ब मोडवर, म्हणजे बटण दाबलेले असेपर्यंत शटर उघडे ठेवणाऱ्या मोडवर, बटण पुढे सरकवून अडकवले, की ३० सेकंदांच्या पुढेही शटर उघडे राहते. टायमरला हे जमत नाही.

रंकाळा_सांजवेळ : तो सभासद मीच. दहा सेकंद शटर उघडे ठेवणाऱ्याने क्षणाची महती सांगू नये. रंकाळ्यातल्या संध्यामठाचे फोटो मी वर्षानुवर्षे टायमरवर काढतो, एकही हललेला नाही. उलट, लोंबणारी वायर वाऱ्याने ट्रायपॉडवर आपटते.

उद्यमनगर_वर्कशॉप : खरे दुखणे रिमोट कॅमेऱ्याला जोडणाऱ्या पिनांचे आहे आणि त्यावर कोणीच बोलत नाही. कॅननच्या लहान कॅमेऱ्यांना २.५ मिमीचा जॅक, मोठ्यांना तीन पिनांचा एन-३, निकॉनच्या मोठ्या कॅमेऱ्यांना दहा पिनांची गोल जागा. ‘सगळ्यांना चालते’ असे सांगून एका दुकानदाराने माझ्या गळ्यात भलतीच केबल मारली. शेवटी ती कापली, कोणती तार कशाची ते मल्टिमीटर लावून पाहिले आणि माझ्या कॅननसाठी नवा जॅक जोडला : टोक शटरचे, मधली कडी फोकसची, मागचा भाग सामाईक. आजही चालते.

गगनबावडा_फिरस्ता : नवख्यांना असले सल्ले देऊ नका. एका जॅकसाठी लोकांचे महागडे कॅमेरे पणाला लावायचे का?

उद्यमनगर_वर्कशॉप : आधी नीट वाचा. बाहेरून वीज जोडा असे मी कुठे लिहिले आहे? तारेत येतो तो कॅमेऱ्याचाच किरकोळ व्होल्टेज. आपण फक्त दोन तारा टेकवतो. हयात सोल्डरिंगमध्ये गेलेल्या माणसाला भीती घालू नका.

गगनबावडा_फिरस्ता : भीती नाही, अनुभव आहे. गगनबावड्याच्या धुक्यात माझ्या घरगुती केबलमध्ये ओल गेली, फोकसची तार टेकलेलीच राहिली, कॅमेरा रात्रभर अर्धे बटण दाबल्यासारखा जागा राहिला आणि पहाटेपूर्वी बॅटरी संपली. तेवढ्यासाठी दोन तासांची वाट तुडवली होती. कॅमेरा जळणार नाही हे मान्य करतो, पण सोल्डरवर आवरण चढवा हे तरी लिहा.

उद्यमनगर_वर्कशॉप : ते लिहायचे राहिले, हे खरे. हीट श्रिंक नळी (गरम केली की तारेवर आवळून बसणारी) घालावीच.

पंचगंगाकाठ : मूळ मुद्दा राहिला. सांजवेळ, घाटावर मी दहा सेकंद नव्हे, अर्धा सेकंद ठेवतो. दहा सेकंदांत ज्योतींचे नुसते गोळे होतात. शटरच्या नेमक्या याच वेगाला डीएसएलआरमध्ये फोटोआधी वर उडणाऱ्या आरशाचा धक्काही जाणवतो. म्हणून मिरर लॉकअप लावून पहिल्या दाबाला आरसा वर घेतो, थरथर शमू देतो, ज्योतींकडे पाहत थांबतो आणि मग दुसऱ्यांदा दाबतो. फोकस आधीच मॅन्युअलवर ठेवतो, नाहीतर अंधारात लेन्स चाचपडत राहते आणि शटर पडतच नाही. वायर मात्र ट्रायपॉडच्या पायाला वेलक्रोने बांधावी लागते. तुमचा तो आक्षेप बरोबर आहे.

रंकाळा_सांजवेळ : अर्ध्या सेकंदाचे मान्य, तेवढ्यापुरतेच. संध्यामठासाठी टायमर पुरतो, हे माझे मत कायम आहे. आत्ता कॅमेऱ्याच्या बाजूचे रबरी झाकण सहा वर्षांत पहिल्यांदा उघडून पाहिले, आत २.५ मिमीचीच जागा आहे.