मदत हवी आहे : व्हिक्टोरियातील लाकूडतोड थांबल्यावर तक्तपोशीसाठी लाकूड कोणते घ्यावे?

नमस्कार,

मेलबर्नमधील आमच्या घरात जमिनीवर लाकडी तक्तपोशी करायची आहे आणि लाकूड नेमके कुठून येते हे समजल्याखेरीज ते घ्यायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे.

मेलबर्न ज्यात येते त्या ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने सरकारी मालकीच्या नैसर्गिक जंगलांतील व्यापारी तोड १ जानेवारी २०२४ पासून बंद केली. आधीची मुदत २०३० ची होती. परंतु ग्रेटर ग्लायडर या झाडांवरून तरंगत जाणाऱ्या प्राण्याची नीट पाहणी केल्याशिवाय झाडे पाडता येणार नाहीत, असा निकाल २०२२ च्या अखेरीस न्यायालयाने दिला आणि ती मुदत २०२४ वर आणली गेली. मला हा निर्णय मनापासून पटतो. माउंटन अ‍ॅश या उंच निलगिरीच्या खोडात लेडबीटर्स पॉसम या झाडांवर राहणाऱ्या लहान प्राण्याला राहण्याजोगी ढोली तयार व्हायला शंभराहून अधिक वर्षे लागतात, आणि तोडलेल्या लाकडाचा मोठा भाग तर फळ्यांऐवजी कागदाच्या लगद्यासाठी जात असे. हेफिल्डसारख्या गावांतील लाकूड-गिरणी कामगारांची झळ मात्र खरी आहे, ती नाकारता येणार नाही.

अडचण अशी की तोड थांबली, मागणी थांबली नाही. दुकानात हमखास सुचवले जाणारे ‘टास्मानियन ओक’ हे ओक नसून निलगिरीच आहे. त्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या तीन जातींत माउंटन अ‍ॅशही येते, आणि टास्मानिया या शेजारच्या बेट-राज्यात नैसर्गिक जंगलातील तोड अजून चालू आहे. म्हणजे इकडे वाचवलेले झाड तिकडे पाडायला आपणच पैसे द्यायचे. मेर्बाऊ हे कठीण लाकूड घ्यावे तर ते आग्नेय आशियातील वर्षावनांतून येते. लागवडीची निलगिरी मुबलक आहे, पण तिच्यातील बहुतेक लगद्यासाठी लावलेली असते आणि कोवळ्या वयातच तोडली जाते. फळ्यांसाठी फांद्या छाटून दीर्घकाळ वाढवलेली झाडे फार थोडी.

लाकडाचे काम किंवा व्यापार जाणणाऱ्यांना माझी विनंती आहे. जंगलाची नीट निगा राखल्याच्या प्रमाणपत्राचा शिक्का नैसर्गिक जंगलातील लाकडावरही असू शकतो आणि लागवडीच्या लाकडावरही, तेव्हा मूळ ओळखण्यासाठी दुकानदाराकडे कोणते कागद मागावेत? पाडलेल्या इमारतींतून निघालेले जुने लाकूड कोणी तक्तपोशीला वापरले आहे का? त्यातील खिळे, जुने रंग आणि ओलावा यांची तपासणी कशी करून घेतली, आणि रंधा मारल्यावर फळीची जाडी पुरेशी उरली का, हेही कृपया लिहावे.