मूकपटातली बायको कायम खाष्टच का?

रातकिडा:
लॉरेल-हार्डीचा १९२८ चा 'देअर पर्पल मोमेंट' परत बघितला आणि यावेळी हसू कमी आलं, राग जास्त. स्टॅनचा (लॉरेलचा) पगार बायको ताब्यात घेते म्हणून तो त्यातले थोडे डॉलर भिंतीवरच्या तसबिरीत, त्यातल्या माणसाच्या कोटाच्या आत दडवतो. तिला पत्ता लागतो, ती नोटा काढून तिथे सिगारची कुपन्स ठेवते. मग स्टॅन आणि हार्डी बाहेर जाऊन अनोळखी मुलींचं बिल भरायची ऐट करतात आणि खिशातून निघतात कुपन्स! सीन भारीच आहे, पण अख्ख्या पिक्चरमध्ये त्या बाईला घर कसं चालवायचंय हे एकदा तरी कोणी विचारतं का? पैसा जपणारी ती कजाग आणि उडवणारा तो बिचारा, हे मला पटत नाही.

कोपऱ्यातली खुर्ची:
एवढं सरसकट नका हो बोलू. बस्टर कीटनचा 'वन वीक' घ्या, १९२० चा, त्याच वर्षी अमेरिकेत बायकांना देशभर मताचा हक्क मिळाला. नवीन जोडप्याला पेटाऱ्यांतून आलेलं, स्वतः जोडायचं घर मिळतं, मुलीवर डोळा असलेला एक जण पेटाऱ्यांचे नंबर बदलून ठेवतो आणि घर वेडंवाकडं उभं राहतं. त्यात सिबिल सीलीने केलेली बायको कुठे टोमणे मारते? ती त्याच्या बरोबरीने राबते, वादळात घर भोवऱ्यासारखं फिरतं तेव्हाही दोघं एकत्र, आणि शेवटी आगगाडी घराचा चुराडा करते तेव्हा दोघं हात धरून चालू पडतात. इतकं बरोबरीचं लग्न आजच्या सिनेमातही शोधावं लागतं.

रातकिडा:
ते मान्य, पण ती नवी नवरी आहे आणि गोष्ट एका आठवड्याची. हॅरल्ड लॉइडच्या 'हॉट वॉटर'मध्ये (१९२४) बायको गोडच आहे, सगळा खाष्टपणा सासूच्या वाट्याला. म्हणजे तरुण बाई चांगली, वय झालं की ती डोक्याला ताप, हेच ना?

चिंचेचं बुटुक:
अ‍ॅलिस गीचा १९०६ चा फ्रेंच छोटापट बघा कोणीतरी, बाईनेच केलेला. त्यात पुरुष इस्त्री करतात, शिवणकाम करतात, पोरं सांभाळतात, बायका कॅफेत पीत बसतात आणि पुरुषांच्या गळ्यात पडतात. शेवटी पुरुष चिडून कॅफे परत घेतात. वरवर बघितलं तर बायकांच्या हक्कांची टिंगल, पण मला तर वाटतं की तो त्रास पुरुषाच्या अंगावर घालून दाखवला म्हणूनच रोजचा अन्याय डोळ्यांत भरतो.

कोपऱ्यातली खुर्ची:
आणि चार्ली चेसचा 'मायटी लाइक अ मूस' (१९२६)? नवऱ्याचे दात पुढे, बायकोचं नाक मोठं, दोघंही एकमेकांना न सांगता ऑपरेशन करून घेतात, मग ओळख न पटल्यामुळे एकमेकांवरच लाइन मारतात. लबाडी दोघांची सारखीच!

रातकिडा:
लबाडी सारखी, पण पुढे काय होतं ते सोडलंत तुम्ही. खरं आधी नवऱ्याला कळतं आणि तो लगेच बायकोला अद्दल घडवायला निघतो, आपल्याच दोन रूपांची मारामारी रचून तिला घाबरवतो. स्वतः परक्या बाईबरोबर फिरत होता त्याचं काय? तो हिशोब तिने मागितला असता तर तुमच्या मते तीही कजागच ठरली असती ना?