माशाच्या काट्याची केस रेडिओपीडियावर टाकायची आहे. नाव पुसलं, तेवढं पुरे का?

निवासी_तिसवाडी

मी रेडिओलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गोव्यातच. पहिलीवहिली केस रेडिओपीडियावर (एक्स-रे, सीटीच्या केसी एकमेकांना शिकायला टाकायची साइट) चढवायला घेतली आणि तीन रात्री त्या ड्राफ्टशीच भांडतेय.

केस अशी: वयस्क गृहस्थ, पोटात उजवीकडे खाली दुखतंय, बारीक ताप. सगळ्यांनी अपेंडिक्स धरून ठेवला होता. सोनोग्राफीत धड काही दिसेना म्हणून सीटी. पाच मिलिमीटरच्या कापांत मलाही फक्त आतड्याभोवतीची चरबी मळलेली दिसली. मग एक मिलिमीटरचे काप मागवले, कोरोनलमध्ये (समोरून दिसणाऱ्या कापांत) फिरवत बसले, आणि इलियमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या शेवटच्या भागाच्या, टोकाकडे भिंतीतून आरपार गेलेली एक पांढरी रेघ सापडली. काटा! ऑपरेशनमध्ये तोच निघाला, अडीच सेंटिमीटरचा. ते स्वतः ठामपणे म्हणत होते की काटाबिटा काही गिळलेला नाही. शेजारी बसलेली बायको म्हणाली, ‘आनी ते शेवटे? विसरले काय तुमी?’ (शेवटे म्हणजे मासे.)

ड्राफ्टमधल्या रुग्णाच्या माहितीची ओळ मी इथे जशीच्या तशी दिली होती. (दुरुस्ती: खालचं पहिलं उत्तर वाचून ती पुसली. तालुका, नेमकं वय, त्यांची गावातली ओळख आणि सणाचं नाव होतं तिच्यात.) कवळी वापरतात हेही लिहिलं होतं.

नाव आणि हॉस्पिटलचा नंबर काढलाय. अजून काय काय बघायचं? सोनोग्राफीचं चित्र आणि काढलेल्या काट्याचा फोटो घालू का?

सीटीवालो_कुडचडे

डॉक्टर, आधी तुमच्या पोस्टमधली ती ओळ पुसा, मग पुढचं वाचा. नाव न घालताही माणूस कोण ते मला चहा संपायच्या आत कळलं. मी राहतो कुडचड्याला, तो माणूस दुसऱ्या तालुक्यातला, तरी कळलं.

2011 च्या जनगणनेत अख्ख्या गोव्याची लोकसंख्या 14,58,545. मुंबईचं एखादं उपनगर याहून मोठं असेल. मेलबर्नमध्ये ‘अमुक वयाचे गृहस्थ, हौशी गायक’ लिहिलं तर ते हजार जणांना लागू पडेल. आपल्याकडे गावात कीर्तनकार एक, जत्रेच्या नाटकात राजा होणारा एक, आणि त्याला कुठल्या दिवशी रुग्णवाहिकेतून नेलं हे देवळाच्या पायरीवर बसलेल्या सगळ्यांना पाठ. अमेरिकेच्या हिपा कायद्यात (रुग्णाची माहिती जपायचा कायदा) 18 ओळखखुणा काढायला सांगितल्यात, त्यांत नाव, फोन, पत्ता, वर्ष सोडून बाकीच्या तारखा असं सगळं येतं. सणाचं नाव त्या यादीत नाही, पण विसर्जनाचा दुसरा दिवस म्हणजे तारीखच झाली की.

आता माझ्या खात्यातलं. सीटी यंत्रावर बावीस वर्षं काढलीत. डायकॉम फाइलमध्ये (स्कॅनची चित्रं ज्यात साठवतात ती) रुग्णाचं नाव 0010,0010 या टॅगमध्ये, म्हणजे रकान्यात, असतं, आयडी त्याच्या पुढच्यात, जन्मतारीख 0010,0030 मध्ये. हे पुसणारी सॉफ्टवेअरं असतात, ती काम नीट करतात. पण यंत्र बनवणारी कंपनी स्वतःचे खाजगी टॅग घालते, त्यांतही कधी कधी नाव लपलेलं सापडतं. आणि सोनोग्राफी! तिथं नाव, वेळ, हॉस्पिटल सगळं चित्रातच भाजलेलं असतं, वरच्या पट्टीत. टॅग कितीही पुसा, ते पिक्सेल हलत नाहीत. ती पट्टी कापूनच टाकायला हवी.

कापणं म्हणजे खरोखर कापणं. माझी फजिती सांगतो. एका कॉन्फरन्ससाठी साहेबांच्या स्लाइड्स मी केल्या होत्या. चित्र स्लाइडवर घेतलं आणि तिथल्याच क्रॉपने नाव झाकलं. फाइल चार जणांना गेली. त्यातल्या एकाने क्रॉप उघडून कोपरा ओढला आणि रुग्णाचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, बाहेर आलं. स्लाइडमध्ये क्रॉप केलेला भाग फाइलमध्ये तसाच राहतो हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी दुपारचं जेवण गेलं नाही.

काट्याचा फोटो मोठा करून बघा. गॉझ, काटा, मोजपट्टी, आणि कडेला वॉर्डचं स्टिकर? असतंच. थिएटरमध्ये कोणीतरी प्रेमाने ठेवतो ते.

(तुमची केस पोटाची म्हणून बरं. डोक्याच्या सीटीचे बारीक काप अख्खे चढवले तर त्यांतून चेहरा उभा करता येतो, नाक-ओठांसकट. हे आमच्यातल्या पुष्कळांच्या ध्यानातच नसतं.)

हुमण_शीत

एवढं सोपं आहे की. वय 67 चं 52 करा, बाप्याची बाई करा, शेवट्याचा बांगडा करा. देवालासुद्धा पत्ता लागणार नाही.

आणि डॉक्टर, दोन महिने मासेमारी बंद, मग श्रावण, मग चवथ. एवढा उपास घडल्यावर माणूस काट्यासकट गिळणारच.

जुनी_रेडिओलॉजिस्ट_म्हापसे

हुमण-शीत, चेष्टा कळली, पण हे कोणी खरंच करतं म्हणून लिहिते. वाटेल तेवढं काढा, पण खोटं एक अक्षरही घालू नका. उद्या कोणीतरी अशा पन्नास केसी गोळा करून कुठल्या वयात काटे जास्त अडकतात ते मोजेल आणि तुमची ती 52 वर्षांची बाई त्यात बसलेली असेल. वय सांगायचं तर जवळच्या पाचाच्या पटीत न्या, 67 चं 65 करा आणि ‘सुमारे’ लिहा.

आता मुली, तुझ्यासाठी. कवळी ठेव. सीटीवाल्यांनी तिला हात लावला नाही ते बरोबरच. कवळीमुळे टाळूला काटा टोचलेला कळत नाही, म्हणून अशा लोकांत काटे गिळले जातात. ते गातात हे पोटदुखीचं कारण नव्हे, ते जाऊ दे. चाळणी एवढीच लाव: ही गोष्ट नसती तर निदान बदललं असतं का?

मासे खाल्ल्याचं मात्र सुरुवातीच्या माहितीत लिहू नकोस. वाचणारा केस उघडतो तो स्वतः शोधायला. पहिल्याच ओळीत ‘मासे खाल्ले’ आलं की खेळ संपला. तिथे उजवीकडची पोटदुखी आणि ताप बास. बायकोचं वाक्य शेवटच्या चर्चेत घाल, कारण रुग्णाला काटा गिळल्याचं बहुधा आठवत नाही, तीच या केसची खरी शिकवण. बायकोचं म्हणून नको, ‘नंतर विचारल्यावर कळलं’ असं.

चित्रं निवडक दोन टाकू नकोस. बाण काढलेलं एक चित्र म्हणजे तयार भाजी. काप पूर्ण चढव, म्हणजे वाचणाऱ्याला तुझ्यासारखं फिरवत शोधता येईल. पाच मिलिमीटरचेही ठेव, त्यांत काटा कसा हरवतो ते दिसू दे. एक रुंद हाडाची विंडो (हाडं नीट दिसतील अशी उजेड-अंधाराची मांडणी) घाल. तोंडाने कॉन्ट्रास्ट (आतडं पांढरं दिसावं म्हणून पाजतात तो) दिला नव्हता ना? दिला असता तर त्या पांढऱ्यात हा पांढरा बुडाला असता, हे चर्चेत येऊ दे. ऑपरेशनमध्ये काटा हातात आलाय, म्हणून निदान ‘खात्रीशीर’ म्हणून नोंदव. तो नसता तर एक पायरी खाली.

चर्चा स्वतःच्या शब्दांत लिही. पुस्तकातला परिच्छेद फिरवून लिहिलेला संपादकांना लगेच कळतो. आणि दुसऱ्याने काढलेली चित्रं आपली म्हणून नकोत.

एक गोष्ट चढवायच्या आधी समजून घे. तिथलं सगळं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली जातं: श्रेय द्या, धंदा करू नका, त्याच अटींवर पुढे वाटा. 3.0 आवृत्ती. एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. 2005 मध्ये फ्रँक गायार यांनी ऑस्ट्रेलियात हे सुरू केलं तेव्हापासून जगभरचे लोक तिथून चित्रं उचलून शिकवतात. तुझा काटा उद्या ब्राझीलच्या वर्गात दिसेल. म्हणून विभागप्रमुखांची परवानगी आणि रुग्णाची लेखी संमती आधी घे. फॉर्म इंग्रजीत असेल तर त्यांच्या भाषेत वाचून दाखव, नुसती सही घेऊन येऊ नकोस.

निवासी_तिसवाडी

सगळ्यांचे आभार. स्टिकर होतं. गॉझच्या खाली अर्धवट, पण नंबर पूर्ण वाचता येत होता. सोनोग्राफीचं चित्र काढूनच टाकलं, त्यात शिकण्यासारखं काही नव्हतंच.

आता सुरुवातीची ओळ एवढीच आहे: ‘पोटात उजवीकडे खाली चार दिवस दुखतंय, ताप. कवळी वापरतात.’ कवळीनेही उत्तर फुटतं का, मॅडम? की तीही चर्चेत नेऊ?

संमती आज घेतली. टाके काढायला आले होते. फॉर्म मराठीत वाचून दाखवला. तुमचं नाव, गाव, काहीही कुठे दिसणार नाही हे दोनदा सांगितलं. तर म्हणतात, ‘म्हणजे? मग तो काटा माझा हे लोकांना कळणार कसं?’

सही केली, पण जरा हिरमुसलेच.